आबांचे दोन्ही खांदे

१

शिडी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली होती, तिची वरून दुसरी पायरी मधोमध मोडलेली होती, आणि आबा तिच्या पायथ्याशी उताणे पडले होते.

भूषणने हे पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, दुखवट्याला दारावर बसायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. दर वेळी शब्द तेच होते. आधी शिडी, मग पायरी, मग आबा. हेमांगीने ते इतक्यांदा ऐकलं, की तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घरातली गर्दी पांगल्यावर तिला ते पाठ म्हणून दाखवता आलं असतं.

असोद्याच्या शिवारात त्यांचा केळीचा मळा. मळ्यातच गोठा, आणि गोठ्याच्या माळ्यावर वैरण. गावात सगळे त्यांना अभिमन आबा म्हणत. एकाहत्तर वर्षांचे होते, पण पहाटे मळ्यात चक्कर मारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. त्या सकाळी सहाच्या सुमाराला ते भूषणला सापडले. जळगावच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. बरगड्या दुखावल्या, खांद्याला मार, हाड मोडलेलं नाही, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी हृदय थांबलं. वय झालं होतं, डॉक्टर म्हणाले.

हेमांगी धुळ्याहून पहिल्या दिवशीच पोचली होती. धुळ्यातल्या एका इमेजिंग सेंटरमध्ये ती वीस वर्षं एक्स-रे आणि एमआरआय काढते. माणसाला कसं निजवायचं, हात कुठे ठेवायचा, श्वास कधी रोखायला सांगायचा, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. पण आबांच्या उशाशी ती लेक म्हणून बसली होती. चादर बदलताना दोन्ही नडग्यांवर, एकाच उंचीला, आडवी बारीक लाल रेघ दिसली. शिडी लागली असेल, असं मनाशी म्हणून तिने चादर ओढून घेतली होती.

आबा फारसे बोलले नाहीत. एकदाच तिच्याकडे मान वळवून म्हणाले, "नवलले कोनी काही म्हनू नका."

नवल त्यांचा सालदार, सात वर्षं मळ्यातच बायकोसह राहणारा. आदल्या संध्याकाळी आबा त्याच्यावर ओरडले होते, ते शेजारच्या मळ्यापर्यंत ऐकू गेलं होतं. आबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन साक्रीकडच्या आपल्या गावी निघून गेला, आणि मग लोकांचं तोंड कोण धरणार? वाकडी शिडी त्यानेच लावली, त्यानेच ढकललं, इथपर्यंत गोष्ट गेली. पोलिसांनी त्याला सोमवारी अकरा वाजता बोलावलं होतं. आला नाही तर उचलून आणणार होते, आला तर परत जाऊ देणार नव्हते, असं भूषणच सांगत होता.

गुरुवारी दुपारी भाऊबहीण ओट्यावर बसले होते. हेमांगीने सुपारी कातरता कातरता विचारलं,

"भूषण, आबा शिडी चढले कसे रे?"

"कसे म्हणजे?" भूषण म्हणाला. "दोन हातांनी. आणखी कसे चढतात, ताई?"

हेमांगीच्या हातातला अडकित्ता थांबला.

२

आबांचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. सात महिन्यांपासून.

ही गोष्ट मळ्यात कोणाला ठाऊक असेल-नसेल, हेमांगीला पक्की ठाऊक होती. होळीच्या आधी आबा एकटेच बसने धुळ्याला आले होते. "तुझ्या त्या बोगद्यात मले एकदा घाल," म्हणाले होते. तिनेच त्यांचा एमआरआय काढला होता. हात वर उचलणाऱ्या स्नायूची दोरी हाडापासून सुटून दोन बोटं मागे सरकली होती. ऑपरेशनचं नाव काढताच त्यांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली.

"आणि हे भूषणच्या कानावर घालू नको. त्याला कळलं तर मळ्यात पाऊल ठेवू देणार नाही तो मले."

तिने शब्द पाळला होता.

शुक्रवारी सकाळी ती कामावर रुजू झाली तेव्हा पिशवीत दवाखान्याची फाईल होती. फाईलच्या मागच्या कप्प्यात छातीच्या सीटी स्कॅनची सीडी, पाकीटसुद्धा न फोडलेली. आपल्याकडे सीडी कोणी उघडत नाही, रिपोर्ट वाचतात आणि सीडी कपाटात जाते.

डॉक्टर खुशनुमा म्हणजे सेंटरच्या रेडिओलॉजिस्ट. बावीस वर्षं अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून त्यांचा आवाज हळू झाला होता, पण जीभ नाही.

"आजच का आलीस? घरी बसायचं चार दिवस."

"मॅडम, आबांचं स्कॅन बघाल?"

खुशनुमांनी चष्मा वर सरकवला. त्यांनी आधी खांद्याची एक्स-रे फिल्म दिव्यावर लावली. समोरून काढलेला एकच फोटो.

"एकच? बाजूने नाही घेतला?"

"हात हलवू देत नव्हते."

"हं." त्या फिल्मकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "हाड मोडलेलं नाही, हे खरं. पण हे डोकं बघ. दंडाच्या हाडाचं वरचं टोक. एका अंगाला त्याला उंचवटा दिसायला हवा. इथे चारी बाजूंनी गोल, विजेच्या बल्बासारखं. हात आतल्या बाजूला वळून तसाच अडकला की असं दिसतं. सीडी लाव."

छातीचे आडवे काप पडद्यावर एकेक करून वरून खाली सरकू लागले. सहाव्या कापाला खुशनुमांनी माऊसवरचं बोट उचललं.

"हेमांगी, छातीच्या स्कॅनला हात डोक्यावर घेतात ना?"

"हो. नाहीतर दंडाची हाडं आड येतात."

"इथे हात खाली आहेत. म्हणून खांदे पूर्ण आलेत. रिपोर्ट लिहिणाऱ्याला बरगड्या विचारल्या होत्या, त्याने बरगड्या सांगितल्या. खांद्यांकडे बघितलंच नाही कोणी."

त्यांनी पडदा हेमांगीकडे वळवला. उजव्या खांद्याचा गोळा खोबणीच्या मागे गेला होता. आणि डाव्याचाही.

३

"बस," खुशनुमा म्हणाल्या. "तू उभी राहून ऐकायची गोष्ट नाही ही."

त्यांनी टेबलावरचा चमचा उचलला आणि डब्यातलं लिंबू त्यावर ठेवलं.

"शाळेत लिंबू-चमचा पळाली असशील. खांदा तसाच. खोबण उथळ, गोळा मोठा. कड, पडदे आणि चारी बाजूंचे स्नायू धरून ठेवतात म्हणून तो जागेवर असतो. पडला, हिसका बसला, की लिंबू पुढे पडतं. शंभरातले पंच्याण्णव पुढेच. मागे पडणं दुर्मीळ, आणि समोरून फोटो काढला तर लिंबू चमच्याच्या पुढे आहे की मागे, कळतच नाही. म्हणून बाजूचा फोटो लागतो."

"आणि दोन्ही एकदम मागे?"

"दोन्ही एकदम, मागे. हे बाहेरच्या माराने होत नाही, हेमांगी. हे माणसाचे स्वतःचे स्नायू करतात. अंगातले सगळे स्नायू एकाच क्षणी आवळले, की हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांना हरवतात आणि गोळा मागे फेकला जातो. तसं होण्याची मुख्य कारणं दोनच. एक, फिट."

"आबांना कधीच फिट आली नाही."

"फाईलमध्ये डोक्याचा स्कॅन आहे, स्वच्छ आहे. जीभ चावलेली नव्हती ना? मग दुसरं." त्यांनी चमचा खाली ठेवला. "शॉक. विजेचा."

"पण हे जुनं असेल तर? होळीला आले तेव्हाच—"

खुशनुमांनी सात महिन्यांपूर्वीचा एमआरआय शेजारी उघडला. तुटलेली दोरी तिथे दिसत होती, पण गोळा खोबणीत, वाटोळा, नीट होता. आताच्या कापात त्याच गोळ्याला पुढच्या बाजूने खाच पडली होती. खोबणीची मागची कड तिथे रुतून बसली होती.

"ही खाच ताजी आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाची."

हेमांगीने जळगावला फोन लावला. सीटी काढणारा टेक्निशियन अतिक तिच्या ओळखीचा होता, एका ट्रेनिंगला दोघं बरोबर होते.

"हां दीदी, आठवतात ना बाबा," अतिक म्हणाला. "दोन्ही हात छातीशी आवळून धरलेले. सिस्टर सुईसाठी तळहात वर करा म्हणत होती, होईना. जबरदस्ती केली तर ओरडले. मी म्हटलं, राहू दे, आहेत तसेच काढू. मशीनवर नोटसुद्धा टाकली. कुणी वाचली नाही काय?"

"नाही रे. कुणीच नाही."

फोन ठेवल्यावर तिला नडग्यांवरच्या त्या दोन रेघा आठवल्या. एकाच उंचीच्या. पडताना लागलेला मार असा मोजूनमापून लागत नाही. गुडघ्याच्या खाली, रानडुकराच्या छातीच्या उंचीला, आडवी बांधलेली तार तशी लागते.

आबा शिडीवरून पडले नव्हते. ते शिडीजवळ गेलेच नव्हते. त्यांना तिथे कुणीतरी आणून ठेवलं होतं.

४

शनिवारी सकाळी ती पुन्हा असोद्याला पोचली आणि घरी न जाता थेट मळ्यात गेली.

दक्षिणेच्या बांधाला लागून रुपचंदचा मळा. आबांशी त्याचं बांधावरून वीस वर्षं वाजत होतं, आणि वीस वर्षं दोघं एकाच चंचीतून तंबाखू खात होते. त्याच्या बांधावर चकचकीत तार ताणलेली होती, जागोजागी पिवळी पाटी, तिच्यावर विजेचं चित्र. हेमांगी तारेपासून चार हातांवर थांबली.

"ये माय, ये," रुपचंद आतून म्हणाला. "भेऊ नको. खात नाही ती."

"रुपचंद काका, तारेत करंट आहे?"

"हाये ना. झटका मशीन हाये. बॅटरीवर चालते." त्याने खाली वाकून गवताची ओली काडी तोडली आणि तारेला लावली. त्याचा हात टुणकन उडाला. "पाह्यलं? डुक्कर पयतं, माणूस शिवी देतो. बस. तुझ्या बापानं चारदा हात लावला आन् चारदा माह्या बापाचं नाव काढलं."

हेमांगीला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. तिने तोंड फिरवलं.

"म्हणजे यानं माणूस पडत नाही?"

"क्षणभराचा झटका असतो, सोडून देतो. धरून ठेवत नाही." रुपचंद गंभीर झाला. "थेट लाईन सोडली तारेत, तर धरून ठेवते, नाहीतर लांब फेकते. तसं करणारे हायेत शिवारात. गुन्हा हाये तो. दर साली एकदोन माणसं जातात. काहून इचारते?"

"तुम्ही कधी सोडली होती? थेट लाईन?"

रुपचंदने तिच्याकडे टक लावून बघितलं. राग आला असेल, तर तो त्याने तंबाखूबरोबर मळून टाकला.

"वर पाह्य," तो म्हणाला, आणि बोट दाखवलं. खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरची टाकी काळी ठिक्कर पडली होती. "डीपी जयली. अभिमन आबा पडला त्याच्या आधी आठ दिस. अजून कोनी पाह्यला आला नाही. माह्या केयी सुकून चालल्या. लाईन सोडाले लाईट तर पाह्यजे?"

"दुसरीकडून आकडा टाकून?"

"तू माही परीक्षा घेते का वकिली करते?" तो म्हणाला. मग आवाज उतरला. "पोरी, त्या हप्त्यात लाईटची पाळी रातची होती. दहा ते सकायी सहा. ह्या अंगाले लाईट व्हती ती एकाच मोटारीले, तिची डीपी येगळी."

"कुणाच्या?"

रुपचंदने तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. तिथे बांधाच्या या बाजूला, मक्याच्या ओळीमागे, आबांच्या मोटारीची खोली होती.

५

साक्रीहून पुढे रिक्षाने अर्धा तास, मग पायवाट. रविवारी हेमांगी नवलच्या घरी पोचली तेव्हा तो अंगणात दोर वळत होता. तिला बघून उठला आणि दोन पावलं मागे सरला. त्याची बायको ताईबाई दारात येऊन उभी राहिली, कमरेला पदर खोचून.

"पोलीस संगे लयनी का, ताई?" तिने विचारलं.

"नाही गं. एकटीच आले."

"मी आबाले हात नही लाया," नवल म्हणाला. "माले बापना जागे व्हता तो."

"मग पळालास का?"

"सालदारनं कोन आयकस?"

ती ओट्यावर बसली.

"नवल, आबांचा उजवा हात कसा होता?"

तो चमकला. मग हळूच म्हणाला, "तुम्हले माहीत शे? आबा म्हने कोनले सांगू नको. होळीपासून त्यास्ना हात वर जाये नही. सदरा मी चढाई देऊ. घड उचलाना व्हई तं मी उचलू, आन् भूषण भाऊ समोर उना का आबा नुसता हात लाई ठेये." त्याने स्वतःच्या नकळत आबांसारखा खांदा पाडून दाखवला. "तो मानूस शिडी कसा चढी, ताई? मी हाईच इचार करी ऱ्हायनू."

हेमांगीने मनातल्या मनात एक गाठ मारली. ज्याला आबांचा हात माहीत होता, त्याने आबांना शिडीखाली कधीच ठेवलं नसतं.

"आदल्या संध्याकाळी आबा तुझ्यावर का ओरडले?"

नवलने दोर पुन्हा हातात घेतला.

"ते नका इचारू."

"नवल, उद्या अकरा वाजता तुला बेड्या घालतील. आबा शिडीवरून पडलेले नाहीत. त्यांना विजेचा शॉक लागला. त्यांची हाडं सांगताहेत."

ताईबाईने तोंडाला पदर लावला. नवलच्या हातातला दोर सुटून उलगडत गेला.

"सांगी टाका," ताईबाई त्याला म्हणाली. "तुम्हनं मीठ फिटनं आते."

"आबानी माले इचारं," नवल खाली बघत म्हणाला, "दखनना बांधले मक्याजोडे तार कोनी लाई? मी बोलनू नही. माले बोलानी बंदी व्हती. आबा भडकनात. म्हने, तू नही सांगस तं मी सकायले सोता जाईसन देखस."

"बंदी कुणाची?"

"महिना व्हयना, मोटारनी पेटीनी चाबी मनाकडथीन ली लिधी," तो म्हणाला. "म्हने, उजाडाना पहिले त्या अंगे जावानं नही."

त्याने नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजही राहिली नव्हती. मोटारीच्या पेटीची चावी कुणाच्या करगोट्याला असते, हे हेमांगी पंधरवडाभर बघत होती.

६

सोमवारी सकाळी आठ वाजता भूषण मळ्यात ठिबकच्या नळ्या तपासत होता. हेमांगीने गोठ्याजवळून हाक मारली. तो आला तेव्हा ती शिडीपाशी उभी होती.

"ही शिडी तू इथे लावलीस," ती म्हणाली.

"ताई, काय बोलतेस?"

"ऐक आधी. आबांचा उजवा हात सात महिने वर जात नव्हता. त्यांनी तो तुझ्यापासून लपवला. नवलला माहीत होतं, मला माहीत होतं. मी विचारलं आबा कसे चढले, तेव्हा तू म्हणालास, दोन हातांनी. ज्याला हात माहीत नव्हता, त्यालाच शिडी सुचली."

"मग रुपचंद—"

"रुपचंद काकांनाही हात माहीत नसेल. पण त्यांची डीपी जळालेली आहे आणि बॅटरीची तार माणसाला धरून ठेवत नाही. आबांचे दोन्ही खांदे मागच्या बाजूने निखळले होते, भूषण. शॉकने. त्या पहाटे ह्या अंगाला वीज फक्त आपल्या मोटारीला होती, आणि पेटीची चावी तुझ्या कमरेला आहे."

भूषणचा हात आपोआप करगोट्याकडे गेला. मग तो गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. त्याने नळीचा तुकडा बोटांत फिरवला.

"डुकरांनी मका लोळवला होता सगळा," तो अखेर म्हणाला. "आबा म्हणायचे, थेट लाईन सोडायची नाही, पाप आहे. म्हणून मी अंधार पडल्यावर तार जोडायचो, उजाडायच्या आत सोडवायचो. कुणाला पत्ता नव्हता. त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. दहा मिनिटं, ताई. दहाच मिनिटं. मी आलो तर आबा तारेपासून हातभर लांब पडलेले. मी पेटी बंद केली. डोळे उघडे होते त्यांचे. माझ्याकडे बघत होते."

"आणि मग?"

"पाठीवर घेतलं. आणलं इथे. पायरी मोडली. तार गुंडाळून विहिरीत टाकली. मग दवाखान्यात नेलं." तो श्वास घ्यायला थांबला. "मला वाटलं, शुद्ध आहे, बोलताहेत, म्हणजे वाचतील. शिडीवरून पडले म्हटलं काय आणि शॉक म्हटलं काय, डॉक्टर बघतीलच की."

"आणि नवल?"

"मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं, आदल्या दिवशी काही झालं होतं का. मी म्हटलं, नवलशी भांडण झालं होतं. ते काही खोटं नव्हतं. पुढचं लोकांनी जोडलं."

"तू तोडलं नाहीस."

भूषणने मान खाली घातली.

"आबांना सगळं माहीत होतं," हेमांगी म्हणाली. "म्हणून तर म्हणाले, नवलले कोनी काही म्हनू नका. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि दुसऱ्यावरही येऊ द्यायचं नव्हतं त्यांना. दोन्ही गोष्टी कशा जमणार होत्या, ते त्यांनाच ठाऊक."

केळीच्या पानांतून वारा फिरला. भूषण रडत नव्हता. रडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"ताई, एक विचारू? तू त्यातली आहेस म्हणून. मी तेव्हाच सांगितलं असतं, शॉक लागला म्हणून, तर आबा वाचले असते?"

वीस वर्षं मशीनवर निजलेली माणसं तिला हेच विचारत आली होती. काय दिसलं, मॅडम? काही वाईट आहे का? आणि वीस वर्षं ती एकच उत्तर देत आली होती, डॉक्टर सांगतील. टेक्निशियनने सांगायचं नसतं. शुक्रवारी हाच प्रश्न तिने खुशनुमांना विचारला होता, आणि त्यांनी तिचा हात धरून, एकही शब्द न वगळता, उत्तर दिलं होतं.

"शॉकने स्नायू आतून फुटतात," हेमांगी म्हणाली. "त्यातला कचरा मूत्रपिंडात जाऊन बसतो. लघवी कमी झाली ती त्याने. आधी कळलं असतं तर पहिल्या तासापासून भरपूर सलाईन लावलं असतं, हृदयावर लक्ष ठेवलं असतं. वाचलेच असते असं कुणी म्हणणार नाही. पण वाचवायचा प्रयत्न तरी झाला असता. झाला नाही, कारण डॉक्टर शिडीवरून पडलेल्या माणसावर उपचार करत होते."

भूषणने दोन्ही हातांनी उंबरा धरला.

"तू खोटं सांगितलं असतंस तरी चाललं असतं," तो पुटपुटला.

"मला नसतं चाललं. साडेआठ झाले, भूषण. अकराच्या आत पोचायचं आहे."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर मी एकटी जाईन. सीडी माझ्या पिशवीत आहे. पण तू स्वतः आलास, तर निदान आबांनी घेतलं नाही ते नाव घ्यायची पाळी माझ्यावर येणार नाही."

तो उठला. करगोट्याची चावी सोडायला त्याची बोटं वळत नव्हती, तेव्हा ती जवळ गेली आणि लहानपणी त्याच्या चड्डीची नाडी सोडायची तशी तिने ती गाठ सोडून दिली.

७

पोलीस ठाण्यात भूषणने आधी तारेचं सांगितलं, मग पेटीचं, मग पाठीवर घेतल्याचं. या वेळी शब्द पाठ केलेले नव्हते. दोनदा तो मध्येच अडकला आणि हवालदाराने पाण्याचा पेला पुढे सरकवला. साहेबांनी सीडी हातात फिरवून बघितली. "यात दिसतं हे सगळं?" त्यांनी विचारलं. हेमांगी म्हणाली, "ज्याला बघायचं आहे त्याला दिसतं." डॉक्टर खुशनुमांचा सहीचा रिपोर्ट तिने टेबलावर ठेवला, आणि नवलला आज यायचं नाही हे साहेबांकडून तोंडी वदवून घेतलं. मगच ती बाहेर आली.

बाहेर ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेला केळीने भरलेले दोन ट्रक उभे होते. दारातल्या बाकावर बसून तिने साक्रीकडे फोन लावला. बऱ्याच वेळाने ताईबाईने उचलला. मागे एसटीची घरघर ऐकू येत होती. दोघं स्टँडवरच होती, अकरा वाजता जळगावला पोचायला सकाळीच निघालेली, आणि गाडी साक्रीतच बंद पडलेली.

"ताईबाई, नवलला सांग, ठाण्यात यायचं नाही. त्याच्यावर काही नाही आता. ज्याचं होतं त्याने सांगितलं."

मग ताईबाई कुणाला तरी काहीतरी बोलली, आणि नवल एकदाच, मोठ्याने खोकला. कोणी रडू आवरताना खोकतं तसा.

"ज्यानं व्हतं तो म्हंजे भूषण भाऊ ना?" ताईबाईने विचारलं.

"हो."

"त्यास्ले कोंडतीन?"

"माहीत नाही गं. कोंडतील बहुतेक."

स्टँडवर कोणीतरी धुळे, धुळे ओरडत होतं.

"ताई," ती म्हणाली, "तेरावाले आम्हले येता उनं नही. आबाले हात जोडाना ऱ्हाई गयात. तिकीट काढेलच शे. आते येऊत का?"

हेमांगीने ठाण्याच्या दाराकडे बघितलं. आतून भूषणचा आवाज येत होता, थांबत थांबत.

"या," ती म्हणाली. "मला इथे किती वेळ लागेल सांगता येत नाही. पण तुम्ही या. घराला कुलूप नाही."